तिकिटाची दुसरी बाजू

पंचवटी एक्स्प्रेस 1975 साली सुरू झाली, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. नाशिकरोडला प्रेसच्या वसाहतीत दोन चुलतभाऊ राहायचे. आजोबा करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. पेन्शन हाती आली की येणाऱ्या रविवारी ते दोघा नातवांना स्टेशनवर न्यायचे. पोटभर गाड्या बघून झाल्या की वजनाच्या काट्यासाठी दोघांच्या तळहातावर दहा-दहा पैसे ठेवायचे.

काटा चांगला पुरुषभर उंच. वर रंगीत दिव्यांची लुकलुक, काचेआड लाल-पांढरी चकती. फळीवर उभं राहिलं की चकती गरगर फिरायची. ती थांबेपर्यंत दम धरायचा, मग नाणं टाकायचं. आत खडखड व्हायची आणि खाली पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, आगगाडीच्या तिकिटाएवढं. एका बाजूला सिनेनटाचं नाहीतर नटीचं चित्र आणि ओळ-दोन ओळी भविष्य. दुसऱ्या बाजूला वजनाचा ठसा.

वसाहतीतली पोरं ही तिकिटं जमवायची. अमिताभच्या एका तिकिटाला दुसऱ्या कुणाची तीन, असा भाव चालायचा. थोरला या व्यवहारात पटाईत. प्रवाशांनी टाकून दिलेली तिकिटंही तो फलाटावरून वेचून आणायचा. बघता बघता त्याचा बुटांचा खोका काठोकाठ भरला.

धाकट्याला आदल्या वर्षी कावीळ झाली होती. पोर अगदी काडी झालेलं. वजन वाढायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो फक्त स्वतःची तिकिटं ठेवायचा, महिन्यांच्या क्रमाने, दोऱ्याने बांधून.

एका रविवारी त्याच्या हाती नेमका अमिताभ आला. घरी पोचेपर्यंत थोरल्याने पाच तिकिटं देऊ केली, मग दहा.

“नको दादा.”

“अरे, तुला चित्रांची हौस तरी आहे का?”

“नाही. पण हे माझं आहे.”

थोरला रुसला. आजोबांनी दोघांना ओसरीवर बसवलं, खोका पालथा केला आणि थोरल्याला म्हणाले, “यातली तुझी कुठली, तेवढी काढ.”

थोरला तिकिटं उलटून बघू लागला. एकसष्ट किलो. चौऱ्याहत्तर. अठ्ठेचाळीस. कुणाकुणाची वजनं. त्याची स्वतःची कधीच अदलाबदलीत गेली होती. ढिगाऱ्यात एकही सापडलं नाही.

मग धाकट्याने दोरा सोडला. सतरा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. सतरावर काटा अडला होता त्या महिन्याच्या तिकिटावर उत्तम आरोग्याचं भाकीत होतं. आणि वीस किलो झाले त्यावर, प्रकृतीला जपा.

आजोबा म्हणाले, “जन्मभर नोटा छापल्या. एकेका किमतीच्या नोटांवर चित्र तेच, पण मालिकेतल्या दोन नोटांचा नंबर कधी सारखा येऊ दिला नाही. या तिकिटांचंही तसंच. चित्र आणि भविष्य आधीच छापून आत रचलेलं असतं; जो पुढे येईल त्याला मिळतं. वजनाचा ठसा मात्र माणूस उभा राहिल्याशिवाय उठत नाही. हे तीन किलो याला यंत्राने दिले नाहीत. रोज तोंड वाकडं करत नाचणीची आंबील प्यायला, हिंडाफिरायला लागला, तेव्हा ते आले.”

थोरला गप्प झाला. मग त्याने धाकट्याची तिकिटं ओळीने लावली आणि विचारलं, “पुढच्या महिन्यात एकवीस होतील ना रे?” पुढच्या वारीत त्याचं स्वतःचं तिकीट आलं, तेव्हा त्याने आधी वजन वाचलं आणि तिकीट खिशात जपून ठेवलं.

बोध: रूप, घराणं, नशीब ही आधीच छापून आलेली बाजू. ती कुणाच्याही वाट्याला येते. तिचं कौतुक जरूर करावं, पण तिच्यावरून कुणाला लहान-मोठं ठरवू नये. दुसऱ्या बाजूचा आकडा रोजच्या कष्टाने, धीराने वाढतो. तो कितीही लहान असो, मोठ्या मोलाच्या चित्रासाठीही बदलून देऊ नये.