देवळांतील जुनें बांक

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय १२, वचनें ४ ते १६



यहूदाच्या योवाश राजानें परमेश्वराच्या मंदिराची डागडुजी करण्याचें मनावर घेतलें. लोक पैसा आणीत होते, याजक तो घेत होते, आणि राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी मोडकळीस आलेला भाग तसाच होता. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणाला भोंक पाडिलें व ती वेदीजवळ ठेविली. पेटींत सांचलेला पैसा मोजून काम करणारांच्या हातीं पडूं लागला, आणि सुतार, गवंडी व पाथरवट कामाला लागले. ह्या अध्यायांतील दोन गोष्टी आमच्या मनांत घर करून राहिल्या आहेत. एक ही कीं, त्या पैशांतून रुप्याचे पेले किंवा कर्णे केले नाहींत; आधीं मोडलें तें दुरुस्त झालें. (उरलेल्या पैशांतून मागाहून भांडीं केलीं, असें इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत आहे, तें योग्यच.) दुसरी ही कीं, कामकऱ्यांना देण्यासाठीं ज्यांच्या हातीं पैसा दिला त्यांच्यापाशीं कोणीं हिशेब मागितला नाहीं, कारण ते सचोटीनें वागत. याजकांविषयीं मात्र शास्त्र तेथें असें म्हणत नाहीं, हें आम्हां पुढाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हा पाठ आज घेण्याचें कारण एक बांक आहे.

सांगलीच्या बाजूस कृष्णाकांठीं आमच्या ओळखीची एक लहान मंडळी आहे. तिच्या देवळांत एक जुनें सागवानी बांक, प्रभुभोजनाचें मेज आणि वेताची एक खुर्ची, एवढेंच लांकडी सामान. बाकीची मंडळी पूर्वींपासून सतरंजीवर बसत आली. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेला जो पूर आला, तो वाचकांना सांगावयास नको. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. सातारा जिल्ह्यांतील घाटमाथ्यावर पडलेला पाऊस कृष्णा-कोयनेच्या वाटेनें कऱ्हाडास एक होतो, सांगलीजवळ वारणा येऊन मिळते, आणि वरच्यांचा पाऊस खालच्यांच्या घरांत शिरतो. ह्या देवळांतहि तो शिरला आणि कित्येक दिवस राहिला. ओसरला तेव्हां बांक भिंतीला टेकून उलटें पडलें होतें; त्यावर वीतभर गाळ.

मंडळीची सभा भरली. बहुतेकांचें मत असें पडलें कीं, बांक भंगारवाल्यास द्यावें व प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणाव्या. एका तरुणानें कारणहि चांगलें दिलें. तो म्हणाला, "पूर काय पुन्हां येणार नाहीं? खुर्च्या एकींत एक घालून एक मनुष्य उचलील. हें बांक चौघांना हलत नाहीं." त्याच्या स्वतःच्या घराची एक भिंत पडली होती. त्याला लांकडाची माया नाहीं असें म्हणण्याचा आम्हांला अधिकार नव्हता.

तेव्हां मागें बसलेली एक वृद्ध बहीण बोलली. "अरे बाळा, माझ्या सासऱ्यांना गांवांत कोणाच्या दारीं बसतां येत नव्हतें. पायांतलें काढून हातांत घ्यायचें आणि लांब उभें राहायचें. ते पहिल्यांदा जमिनीवरून उठून बसले ते ह्या बांकावर. घरीं आल्यावर सासूबाईंना म्हणाले, पाय लोंबकळतात, कसेंसेंच वाटतें."

सभेंत कोणी हंसलें, आणि मग कोणी कांहीं बोललें नाहीं. ज्या काळीं महारमांगांच्या मनुष्यानें इतरांदेखत बाजेवर बसणें हा गुन्हा समजला जात असे, त्या काळीं बसावयाची जागा म्हणजे काय, हें आजच्या मुलांना पुस्तकांतून शिकावें लागतें. येथें तें चार पायांवर उभें होतें. बांक ठेवावयाचें ठरलें. तरुणानें एवढेंच म्हटलें, "ठीक आहे आजी, पण दुरुस्त करणार कोण?"

आतां आमचा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. २००५ सालच्या पुरानंतर दुसऱ्या एका गांवीं आम्हींच असें एक मेज भर उन्हांत ठेवविलें होतें. पाऊस उघडला होता, ऊन कडक होतें, आणि येत्या रविवारीं मेज उपासनेला हवें, ही आमची घाई. दुपारीं बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि फळी उभी चिरली. असें कां होतें तें सुतारानें मागाहून समजाविलें. लांकूड पाणी पितें तेव्हां आडवें फुगतें. उन्हांत त्याचें वरचें अंग लवकर सुकून आंखडूं लागतें, आंतलें अंग अजून ओलें व फुगलेलें असतें. दोहोंच्या ओढाताणींत फळी फाटते किंवा वांकते. ह्या चिरेवर आम्हीं पुष्कळदां विचार केला आहे. व्यसनांतून किंवा पापांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका बांधवाला आम्हीं पहिल्याच रविवारीं सर्वांसमोर उभें करून साक्ष द्यावयास लाविलें होतें. टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यांत तो परत गुत्त्यावर गेला, आणि नंतर आमच्याकडे फिरकला नाहीं. त्याला सावली हवी होती. आम्हीं ऊन दिलें.

म्हणून ह्या खेपेस घाई केली नाहीं. गाळ वाळून घट्ट होण्यापूर्वींच स्वच्छ पाण्यानें व मऊ कुंच्यानें धुतला; खरवडला नाहीं, कारण गाळांतली वाळू लांकडाला ओरखडते. मग बांक पडवींत, वारा खेळेल अशा जागीं, चार विटांवर ठेविलें. आठवड्यांतून दोनदां कूस बदलली. बुरशी आली ती नाकाला फडकें बांधून, बाहेर नेऊन पुसली. मेजाचा खण फुगून बसला होता; तो ओढून काढण्याचा मोह पुष्कळांना झाला, पण खण असा ओढला कीं दर्शनी फळीच हातांत येते. मागची फळी उघडून हवा आंत जाऊं दिली. सुकल्यावर खण आपोआप सुटला. ह्या सर्वाला नाताळाचे दिवस जवळ येईपर्यंत वेळ लागला.

मग सुतार बोलाविला. जुन्या सामानाचे सांधे सरसानें जोडलेले असतात, आणि सरस पाण्यानें मऊ पडतो. म्हणून पायांचीं कुसें ढिलीं झालीं होतीं. एका भावानें खिळे ठोकण्याची तयारी ठेविली होती. सुतारानें नको म्हटलें. खिळा गंजतो, लांकडाला काळा डाग पाडतो, आणि पुढच्या वेळीं सांधा उकलतां येत नाहीं. त्यानें बांक पूर्ण मोकळें केलें, कुसें साफ केलीं, नवा सरस लाविला आणि दोरीनें आवळून ठेविलें. काम चालू असतां त्यानें आम्हांला हांक मारिली. "साहेब, हा मागचा एक पाय सागाचा नाहीं. बाभळीचा आहे. नंतर कोणीं तरी बसविलेला दिसतो. ज्यानें बसविला त्याला काम येत होतें."

कोणीं बसविला हें मंडळींत कोणालाच ठाऊक नव्हतें. बाभूळ म्हणजे आमच्या भागांत गाडीच्या चाकाचें व नांगराचें लांकूड. कांटेरी, बांधावरचें, कोणी मुद्दाम न लावलेलें. आणि निर्गमाच्या पुस्तकांत कराराचा कोश कशाचा करावयास सांगितला? आमच्या मराठी शास्त्रांत शब्द बाभळीचाच आहे. शलमोनानें लबानोनाचे गंधसरू आणविले, परंतु रानांतल्या त्या मंडपांत रानांतलेंच झाड लागलें. सुताराला हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "मग बरोबर," आणि पुन्हां कामाला लागला. मजुरी त्यानें जितक्या दिवसांची ठरली होती तितक्याच दिवसांची घेतली; सरसाचे पैसे पावतीप्रमाणें.

पॉलिशासंबंधानें दोन शब्द, कारण येथें भक्तिभावानें पुष्कळ नुकसान होतें. जुन्या सामानावर बहुधा लाखेचें पॉलिश असतें. मिरजेस सतारी-तंबोरे करणारे कारागीर जें हात फिरवून फिरवून चढवितात, तेंच. लाख स्पिरिटांत विरघळते, म्हणून स्पिरिटाच्या फडक्यानें तें कधींहि पुसूं नये. ओलाव्यानें आलेली पांढरी झांक लांकूड सुकल्यावर बरीचशी जाते. लागलाच पॉलिश-कागद घासूं नये. नाताळापूर्वीं भगिनी खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल चोळतात. तें वाळत नाहीं. चिकट राहून धूळ धरितें. जवसाचें तेल हवेंत वाळतें, परंतु हात राखून लावावें, आणि त्याचीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीं.

साताऱ्याकडील मंडळ्यांना पुराची भीति कमी, पण जावळी व महाबळेश्वराच्या पावसांत ओल आणि वाळवी आहेच. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. तसल्या जुन्या वाड्यांतून लांकडी खांबाखालीं दगडी तळखडा असतो, खांब जमिनीवर टेकत नाहीं. तेवढेंच आपणहि करावें. बांकाच्या पायांखालीं दगडाची चीप, आणि भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढूं लागली तर दिसते. देवळाच्या कमानीला रंग देण्यासाठीं वर्गणी काढणाऱ्या मंडळ्यांनीं आधीं आपल्या बांकाखालीं वांकून पाहावें.

खुर्च्याहि आल्या, कारण तरुणाचें म्हणणें खरेंच होतें. २०२१ सालच्या जुलैंत पाणी पुन्हां चढलें आणि आयर्विन पुलापाशीं ५० फुटांच्या पलीकडे गेलें. त्या वेळीं त्यानें आदल्या दिवशींच ट्रॅक्टरची ट्रॉली आणिली. बांक सहा जणांनीं उचललें; बाभळीच्या पायाकडच्या बाजूस तो स्वतः होता. तेव्हांपासून मंडळीच्या वहींत एक ठराव लिहिलेला आहे : आयर्विन पुलावर इशाऱ्याची पातळी, म्हणजे ४० फूट, झाली कीं त्याच दिवशीं बांक व मेज वरच्या आळींत न्यावें, खुर्च्या मागाहून. ठरावाखालीं पहिली सही त्या वृद्ध बहिणीची आहे.