मूर्तीचा मुक्काम

शनिवार-रविवार मोकळे असतील तर शनिवार सिंदखेडराजाला द्यावा. जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा, रंगमहाल, नीळकंठेश्वराचं देऊळ, पुतळा बारव, मोती तलाव, सगळं पायी हिंडून बघण्याजोगं आहे. पण मी रेंगाळतो तो लखुजीरावांच्या समाधीपाशी. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने त्यांना, त्यांच्या दोन मुलांना आणि नातवाला दग्याने मारवलं. ज्यांनी निजामशाहीची चाकरी केली त्यांचा शेवट असा झाला, आणि त्यांच्या लेकीच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले. त्या घुमटाखाली उभं राहिलं की हा इतिहास अंगावर येतो.

२०२४ मध्ये याच समाधीची डागडुजी चालू असताना पुरातत्त्व खात्याला समोरच्या जमिनीत आधी शिवमंदिराचा पाया लागला, मग शेषशायी विष्णू. लांबी सुमारे १.७ मीटर, पायाशी लक्ष्मी, पटावर समुद्रमंथन. दगड क्लोराइट शिस्टचा, कोरायला मऊ. आपला सारा मुलूख बेसाल्टचा. म्हणजे हा दगड किंवा ही मूर्तीच कुणीतरी लांबून आणली असणार. कुणी आणि कशासाठी?

आता या मूर्तीने राहायचं कुठे? रविवारी मेहकरला गेलं की या प्रश्नाचं एक जुनं उत्तर भेटतं. तिथला शारंगधर बालाजी १८८८ साली असाच जमिनीखालून निघाला. इंग्रज ती मूर्ती विलायतेला नेतील या धास्तीने गावाने तिची तातडीने प्रतिष्ठापना केली, असं मेहकरात सांगतात. काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती आज गावात आहे, पूजेत आहे. मला त्या गावकऱ्यांचा अभिमान वाटतो. तरी पूजेतल्या देवाला वस्त्रं, हार, अभिषेक आले; कोरीव काम डोळे भरून बघायला मिळत नाही आणि मऊ दगडाला तर रोजचं तेल-पाणी सोसणारही नाही.

मोठ्या शहरातल्या संग्रहालयात शिल्प नीट जपलं जाईल, हे मान्य. पण तिथे त्याच्या शेजारी ना तो पाया असेल, ना समाधी. तेराव्या शतकाच्या आसपासचं देऊळ गाडलं गेलं आणि त्याच जागेशेजारी सतराव्या शतकात एका सरदाराची समाधी उठली, ही गोष्ट पाटीवर वाचून कळेल. जागेवर ती दिसते. म्हणून माझं मत पक्कं आहे: संग्रहालय सिंदखेडराजातच व्हावं. इमारत लहान असली तरी चालेल, पण उजेड चांगला हवा, माहिती मराठीत हवी आणि उत्खननाचे नकाशे, फोटो मूर्तीलगत लावलेले हवेत. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला इथे लाखोंची गर्दी लोटते. त्यातल्या कितीतरी जणांच्या आयुष्यातलं ते पहिलंच संग्रहालय असेल.