आगाऊ प्रत

हैदराबादला आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी दुकानं बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांसमोर फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडली जातात. गेल्या सतरा-अठरा वर्षांतले माझे बरेचसे रविवार तिथे गेले. शब्दकोश शोधायला म्हणून जायचं आणि काळ्या मुखपृष्ठाचं, कोपरे दुमडलेलं काहीतरी घेऊन परतायचं, असं चालत आलं. आता घरात एक अख्खं कपाट भयकथांच्या पेपरबॅकचं आहे. त्यात हर्बर्ट व्हॅन थालने सुरू केलेल्या ‘पॅन बुक ऑफ हॉरर स्टोरीज’चे अकरा खंड आहेत (एकूण 30 निघाले, 1959 ते 1989). ‘सेलम्स लॉट’ची 1976 ची सिग्नेट आवृत्ती आहे. तिच्या मुखपृष्ठावर ना नाव, ना लेखक. काळ्यावर काळा उठावातला चेहरा आणि ओठाशी रक्ताचा एक लाल थेंब. खालच्या खणात मुखपृष्ठच नसलेली चार पुस्तकं आहेत. अमेरिकेत न खपलेल्या पेपरबॅकची फक्त मुखपृष्ठं फाडून प्रकाशकाकडे परत पाठवत आणि उरलेलं धड रद्दीत जावं अशी अपेक्षा असे. काही धडं गेली नाहीत. माझ्याकडची चार त्यांपैकी असावीत, असं मी धरून चालते.

मित्रमंडळी विचारतात, संग्रहच करायचा तर चांगल्या बांधणीच्या पहिल्या आवृत्त्या का नाही? पैसे नाहीत हे एक उत्तर झालं. दुसरं असं की भयकथेचं घर पेपरबॅकच आहे. ‘कॅरी’ 1974 मध्ये पुठ्ठ्याच्या बांधणीत आली तेव्हा जेमतेम तेरा हजार प्रती खपल्या. पुढच्या वर्षी पेपरबॅक निघाली आणि वर्षभरात आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. ती खिशातून, बसमधून, वसतिगृहाच्या उशांखालून फिरली. आपल्याकडे नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयांच्या शिक्क्यांसकट हातोहात फिरली, तशीच. मी ‘लुचाई’ आधी वाचली आणि ती ज्यावर बेतली आहे ती ‘सेलम्स लॉट’ नंतर. त्यामुळे इंग्रजी वाचताना सारखं वाटत होतं की किंगने धारपांचं उचललंय. तौलनिक साहित्यात एम.ए. करून बसलेल्या बाईने हे कबूल करू नये, पण पहिल्या वाचनाचा हक्क असा विचित्र असतो.

कपाटातला सगळ्यात लहान आणि मला सगळ्यात प्रिय कप्पा आहे प्रूफांचा. पुस्तक बाजारात येण्याच्या काही महिने आधी प्रकाशक साध्या कागदी वेष्टनात थोड्या प्रती बांधतो आणि समीक्षक, पुस्तकविक्रेते, अनुवादक यांना पाठवतो. वर छापलेलं असतं: मुद्रितशोधन व्हायचं आहे, विक्रीसाठी नाही, अंतिम पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय उद्धृत करू नये. आता बहुतेक वेळा पीडीएफच येते आणि तिच्या प्रत्येक पानावर आडवं आपलं नाव असतं. मराठीत या प्रकाराला मी ‘आगाऊ प्रत’ म्हणते. आगाऊ म्हणजे वेळेआधी आलेली, आणि आगाऊ म्हणजे नको तिथे तोंड उघडणारी. दोन्ही अर्थ तिला लागू पडतात.

स्टीफन किंग 1977 पासून रिचर्ड बाकमन या नावानेही लिहीत होता. चार कादंबऱ्या थेट पेपरबॅकमध्ये निघाल्या आणि फारशा कुणाच्या लक्षात न येता रॅकवरून निघूनही गेल्या. 1984 मध्ये पाचवी, ‘थिनर’, आली; लेखक म्हणून वेष्टनावर भलत्याच माणसाचा फोटो होता. वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या स्टीव्ह ब्राउनने तिची आगाऊ प्रत वाचली आणि त्याला वाटलं, हा किंगच आहे. तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन कॉपीराइटची नोंदणी पाहत बसला. बाकीच्या पुस्तकांवर किंगच्या एजंटाचं नाव होतं. सगळ्यात जुन्या ‘रेज’वर मात्र किंगचं स्वतःचं. झालं. प्रुफाने मुखवटा काढला, तोही त्याच पुस्तकाच्या कागदावरून, जे किंग पुढे मागे घेणार होता.

‘रेज’ किंगने शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. चार्ली डेकर नावाचा मुलगा बीजगणिताच्या वर्गात शिक्षिकेला गोळी घालतो आणि वर्गाला ओलीस धरतो. कथा त्याच्याच तोंडून येते, आणि हळूहळू वर्ग त्याच्या बाजूला झुकतो. पुढे काही वर्षांत खऱ्या शाळांत, खरी बंदूक हातात घेतलेल्या मुलांच्या संदर्भात या पुस्तकाचं नाव पुन्हापुन्हा येऊ लागलं. डिसेंबर 1997 मध्ये केंटकीतल्या पडूका गावाजवळच्या शाळेत चौदा वर्षांच्या मुलाने प्रार्थनेसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. तीन मुली गेल्या. त्याच्या लॉकरमध्ये ‘रेज’ची प्रत सापडली. किंगने प्रकाशकाला सांगितलं, ही पुन्हा छापू नका. 2013 मध्ये ‘गन्स’ या दीर्घ लेखात त्याने आपली बाजू मांडली. ती मुलं माझ्या कादंबरीमुळे बिघडली असं तो म्हणत नाही, आणि बंदी घालावी असंही नाही. कुणी भाग पाडलं नव्हतं. हे हानी करू शकतं असं वाटलं म्हणून त्याने ते थांबवलं.

आता माझ्या कपाटाकडे येते. न्यू इंग्लिश लायब्ररीने काढलेली ‘द बाकमन बुक्स’ची पेपरबॅक मी आबिड्सलाच घेतली, साठ रुपयांना. चार कादंबऱ्या एकत्र, त्यात पहिलीच ‘रेज’. नंतरच्या आवृत्त्यांत ती नाही. घेताना मला हे माहीत होतं आणि पुस्तकवाल्याला नव्हतं. घासाघीस करताना मी चेहरा सरळ ठेवला. पुढे एका संग्राहकाने माझ्या साठ रुपयांच्या चाळीसपट द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं आणि दिवसभर खूश होते. संध्याकाळी भांडी विसळताना लक्षात आलं की ही किंमत कशाने वाढली आहे. पुस्तक दुर्मिळ झालं कारण ते छापायचं थांबलं, आणि ते थांबलं कारण तीन मुली गेल्या. माझ्या आनंदाचा हिशेब मागे मागे नेला तर शाळेच्या त्या दिवाणखान्यात जाऊन थांबतो. संग्राहकांच्या भाषेत याला ‘पुस्तकाचा इतिहास’ म्हणतात. सोयीचा शब्द आहे.

तरीही मी ते विकलं नाही, फाडलंही नाही. लेखकाने मागे घेतलेलं पुस्तक वाचकाने जपावं का, या प्रश्नावर सगळे काफ्काचं उदाहरण देतात: त्याने हस्तलिखितं जाळायला सांगितली, माक्स ब्रोडने जाळली नाहीत, आणि आपण ब्रोडचे ऋणी आहोत. पण काफ्काची ती पानं जगाने पाहिलीच नव्हती. उलट टोकाला तुकोबांची गाथा: तिथे बुडवण्याची इच्छा दुसऱ्यांची होती, आणि लोकांनी ती इंद्रायणीतून तरून आली असंच मानलं, कारण लोकांना ती हवी होती. ‘रेज’ या दोन्हींत बसत नाही. ती छापून झाली होती, वीस वर्षं विकली गेली होती, तिचे पैसे लेखकाच्या घरी पोचले होते. विकलेली प्रत परत मागायचा हक्क लेखकाला नाही, आणि किंगने ती मागितलीही नाही. त्याने फक्त नळ बंद केला. भांड्यात आधीच भरून ठेवलेल्या पाण्याचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं होतं. एवढ्यावर मी निश्चिंत होते, कारण माझं भांडं झाकलेलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला. दहावी होऊन अकरावीच्या आधीची सुट्टी. शाळेतली शेवटची दोन वर्षं त्याला वाईट गेली होती. काय झालं ते दादाने अर्धवट सांगितलं होतं, वहिनीने थोडं जास्त. जेवताना फोन, झोपताना फोन. चौथ्या दिवशी मात्र तो ‘भुतांच्या कपाटा’पुढे मांडी घालून बसला आणि पुस्तकं काढून बघू लागला. मला बरं वाटलं. संध्याकाळी तो नेमकं तेच जाडं पुस्तक घेऊन आला.

“आत्या, हे नेऊ का पुण्याला? यातली पहिली गोष्ट शाळेची आहे.”

मी म्हटलं, “नको रे, त्याची पानं गळताहेत. दुसरं घे.”

पानं गळत नव्हती. त्याने पुस्तक उघडून, शिवणीवर अंगठा फिरवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. नेलं काहीच नाही.

वाचकाला काय झेपेल ते दुसऱ्या कुणी ठरवू नये, असं मी आयुष्यभर बोलत आले आहे. एका परिसंवादात तर जरा जास्तच जोरात. आणि घरातल्या एका वाचकाने पुस्तक मागितलं तेव्हा मी नाही म्हणायचंही धैर्य केलं नाही, शिवणीवर ढकललं. किंगने उघडपणे, कारण सांगून थांबवलं होतं. मी लपवलं.

हे लेखकाच्या इच्छेचा मान म्हणून केलं, असं म्हणायची सोय आहे. पण तीही टिकत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी भयकादंबरीचा अनुवाद आगाऊ प्रतीवरून सुरू केला. वेळ कमी होता. निम्मं पुस्तक मराठीत आल्यावर अंतिम मजकूर आला आणि त्यात चार पानं नव्हती: मेलेल्या मुलीची आई रात्री विहिरीवर जाऊन तिच्याशी बोलते, तो भाग. लेखिकेने का काढला कोण जाणे. माझ्या मते पुस्तकातली ती सर्वांत चांगली पानं होती. मी माझ्या मराठीतूनही ती काढली, नियमाने. पण फाईल पुसली नाही. एका घरगुती बैठकीत मी ती चार पानं वाचून दाखवली. खोलीत कुणी हललं नाही. नंतर एकाने विचारलं, हे छापील पुस्तकात का नाही? मी म्हटलं, प्रकाशकाने जागेसाठी कापलं असेल. म्हणजे तेव्हाही खोटंच. तिथे लेखिकेची इच्छा मला आड आली नाही, कारण ऐकणारे माझे मित्र होते आणि टाळ्या माझ्या मराठीला होत्या. इथे लेखकाची इच्छा एकदम पवित्र झाली, कारण समोर सोळा वर्षांचा मुलगा होता आणि मला त्याच्याशी बोलायची भीती वाटत होती.

भीती पुस्तकाची नव्हती. ‘रेज’ मी तीन वेळा वाचली आहे. मुलाने ती वाचून काही विचारलं असतं, तर मला विचारावं लागलं असतं की शाळेत नेमकं काय झालं. आणि ते कपाट उघडायला मी तयार नव्हते.

दिवाळीच्या आधी त्याचा मेसेज आला. “पानं गळलेलं पुस्तक नेटवर स्कॅन करून टाकलंय कुणीतरी. वाचलं. वर्गातला टेड नावाचा मुलगा आहे ना, त्याचं शेवटी जे करतात सगळे मिळून, त्याबद्दल बोलायचंय. चार्लीबद्दल नाही.”

मी दोनदा वाचलं. मी इतके महिने त्याला चार्लीच्या बाकावर बसवून घाबरत होते.

तो भाऊबीजेला बाबांबरोबर इथे येतोय. पुस्तक मी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आहे आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचते आहे, या वेळी टेडवर लक्ष ठेवून. साठाव्या पानाजवळ शिवण खरंच सैल झालेली दिसते.