यंत्रात हिरे नव्हते

महाग वस्तू उघडून पाहावी आणि आत महाग असे काहीच निघू नये, तर आपण फसवलो गेलो असे म्हणावे काय? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्यातूनच टोकियोत एका कॅमेऱ्याचा जन्म झाला.

गोरो योशिदा हा चित्रपटाचे कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर. त्याने जर्मनीचा लायका कॅमेरा सुटा सुटा करून पाहिला. आत पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड, रबर, हिरे नव्हते. असल्या स्वस्त मालाला एवढी किंमत पडते याचा आपल्याला संताप आला, असे त्याने पुढे सांगितले. संतापाला कारणही होते. लायकाला ४२० येन पडत, आणि बड्या बँकेत लागलेल्या पदवीधराला महिन्याला ७० येन मिळत.

तरी या हिशेबात खोट आहे. मिरजेची सतार उघडली तर भोपळा, लाकूड आणि तारा एवढेच हाती येईल. भोपळ्याचा भाव मंडईत विचारता येतो. जवारीचा कोणाला विचारावा? लायकाचा पहिला नमुना ऑस्कर बार्नाकने १९१४ च्या सुमारास केला, विक्रीचा कॅमेरा १९२५ साली आला, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर साधणारा, भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ साली. ही वर्षे स्क्रू काढून दिसत नाहीत.

मग योशिदा चोर ठरतो काय? मला तसे वाटत नाही. गुरूची अक्षरे गिरवल्याशिवाय हात वळत नाही, आणि त्याने गिरवलेल्यावर नाव घातले ते आपल्या देवतेचे: क्वानॉन. ही जपानची करुणेची देवता म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्याची अकरा मस्तकांची मूर्ती कान्हेरीच्या लेण्यात आहे. भिंगाचे नाव तर महाकाश्यपावरून कश्यप. भक्ती खरीच असावी. मात्र जून १९३४ च्या ‘असाही कॅमेरा’ मासिकातील जाहिरातीत ही करुणामूर्ती पाणबुडी आणि लढाऊ विमान यांच्या पंक्तीला बसवली होती, हे वाचून मन जरा चरकते.

क्वानॉन जाहिरातीत आला, दुकानात कधीच आला नाही. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत योशिदाने संस्था सोडली. १९३६ साली ‘हान्सा कॅनन’ या नावाने कॅमेरा बाजारात गेला, तेव्हा त्याचे भिंग आणि रेंजफाइंडर निप्पॉन कोगाकू या दुसऱ्या कंपनीकडून आणावे लागले होते. पितळ कापणे जमले होते. काच घासण्याची विद्या मात्र सुट्या केलेल्या लायकातून हाती आली नव्हती. ज्यांनी काचेपाशी वर्षे घातली होती त्यांच्याच दारी जावे लागले.

लायकाच्या किमतीवर योशिदाचा संताप मला अर्धाच पटतो. पण २०२२ साली बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा, १९२३ च्या चाचणी-मालिकेतील क्रमांक १०५, लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. आता श्रमाचाही हिशेब लागत नाही. त्याच मालिकेतले बाकीचे नग याच श्रमाने झाले होते. किंमत आली ती मालकाच्या नावाला. या ठिकाणी योशिदा संतापला असता तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. घेणाऱ्याने तो कॅमेरा उघडून पाहिला असेल, असे काही वाटत नाही.