दारासमोरून गेलेली पालखी

‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’ या जपानी कथेचा पहिला भाग मी वाचला तो फुकट मिळत होता म्हणून. हा प्रकार व्हिज्युअल नॉव्हेलचा, म्हणजे धड कादंबरी नाही आणि धड खेळही नाही. पडद्यावर चित्र, त्यावर मजकूर, मागे संगीत आणि किड्यांची किरकिर. कळ दाबली की पुढची ओळ. अशा इतर खेळांत मधूनमधून तुम्हाला काहीतरी निवडायला लावतात. इथे तेही नाही, जे घडतंय ते नुसतं वाचत बसायचं. र्‍युकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाने पात्रांची चित्रंही स्वतःच काढली आहेत आणि ती अगदी बेतास बात. हातमोजे घातल्यासारखे हात बघून पहिल्या दिवशी मी हसलो होतो.

तिसऱ्या रात्री दिवा लावून झोपलो.

गाव हिनामिझावा, काळ जून १९८३. शहरातून नुकताच आलेला केइची नावाचा मुलगा, शाळेतल्या मैत्रिणी, दुपारभर पत्त्यांचे डाव. मग त्याला एकेक कळत जातं. या गावात धरण होणार होतं, गावाने ते हाणून पाडलं. १९७९ साली बांधकामावरच्या मुकादमाचा खून झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी जत्रेच्या रात्री एक जण मरतो, एक नाहीसा होतो. ओयाशिरो-सामाचा, म्हणजे ग्रामदेवतेचा, कोप. केइची याबद्दल विचारायला लागतो आणि उत्तर देताना मैत्रिणींचे चेहरे बदलतात. एकदा त्यांतल्या दोघी घरी येऊन ओहागी देतात. ओहागी म्हणजे भाताच्या गोळ्यावर गोड वाटलेल्या डाळीचं सारण. तो घास घेतो आणि तोंडात सुई लागते.

(पुढे रहस्य फोडतो आहे. कथा २००२ ते २००६ या काळात आठ भागांत आली. आता लपवण्यात अर्थ नाही.)

भाग संपताना केइचीने त्याच दोन मैत्रिणींना बॅटने मारलेलं असतं. आणि कित्येक भागांनंतर कळतं की ओहागीत सुई नव्हतीच. पोरींनी थट्टा म्हणून तिखट सॉस घातला होता. सुई त्याच्या भीतीने घडवली. लेखक खोटं बोलला नव्हता. केइचीला जे जाणवलं तेच त्याने लिहिलं होतं, आणि मीही कळ दाबत दाबत ते खरं मानलं होतं. देवाच्या कोपावर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. सुईवर मात्र ठेवलाच होता.

गावातल्या श्रद्धेबद्दल इतकं नेमकं मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे. हिनामिझावातली माणसं फार भाविक आहेत असं नाही. पण शेजाऱ्याला कोपाची भीती आहे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तेवढं पुरतं. धरणाची भरपाई घ्यायला तयार झालेलं होजो कुटुंब पुढाऱ्यांनी दूर लोटलं, आणि मग कुणी न सांगता सगळं गाव त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलं. जपानीत याला मुराहाचिबू म्हणतात. गावाच्या दहा व्यवहारांपैकी आठ तोडायचे. आग लागली तर आणि मयत झाली तर, एवढ्या दोनच वेळी जायचं.

आपल्याकडे शब्द आहे वाळीत टाकणं. २०१६ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध वेगळा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीची माझी आठवण आहे. आजोळी, कोकणात, शिमग्याची पालखी घरोघर नाचत चालली होती. एका घरापुढे अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, म्हातारी हातात ओटीचं ताट घेऊन उभी. ढोल थांबला नाही. पालखी तशीच पुढे गेली. म्हातारी बराच वेळ ताट धरून होती, मग आत गेली. मी मामीला कारण विचारलं. ती म्हणाली, “देवाक नको असेल.” भांडण वाटेच्या जमिनीचं होतं, हे मला मोठेपणी कळलं. त्या घरातला मुलगा माझ्याबरोबर रोज विटीदांडू खेळायचा. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याकडे गेलो नाही. मला कुणीही जाऊ नको म्हटलं नव्हतं.

हिनामिझावा काल्पनिक आहे, पण त्याची पार्श्वचित्रं गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो गावाच्या फोटोंवरून केलेली आहेत. हात जोडल्यासारखी उतरती गवती छपरं असलेलं हे गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कथेत धरण रद्द होतं. खऱ्या शोगावा नदीवर, याच शिराकावाच्या वरच्या अंगाला, मिबोरो धरण १९६१ साली पुरं झालं. विरोध करणाऱ्यांनी आपल्या संघटनेच्या नावातच ‘शिशुकाई’ घातलं होतं, म्हणजे जिवाची बाजी लावून राखणाऱ्यांची सभा. शेवटी ती सभा विसर्जित झाली आणि गावं पाण्याखाली गेली. बुडणाऱ्या देवळांच्या आवारातली चारशेहून अधिक वर्षांची चेरीची दोन झाडं तेवढी वर काठावर नेऊन लावली. ती जगली, फुलतात. देव आणि जमीन एकाच पाण्यात जाणार असतील तर माणूस भांडताना देवाचं नाव पुढे करतो, यात मला ढोंग दिसत नाही. जमिनीचं बोललं तर सरकार भाव विचारतं.

कथेतल्या जत्रेचं नाव वातानागाशी, म्हणजे कापूस सोडणं. वर्षभर ऊब दिलेल्या जुन्या गाद्यांचे आभार मानायचे, त्यातला कापसाचा पुंजका हातात घ्यायचा आणि नदीत सोडायचा. इतका मऊ विधी. पण जपानीत ‘वाता’चा दुसरा अर्थ आतडी, आणि कुजबुज अशी की पूर्वी नदीत सोडायचे ते हेच. खरं काय ते गावात कुणी मोठ्याने सांगत नाही. तसं माझ्या मामीनेही वाटेचं भांडण सांगितलं नव्हतं.

कोप होण्याआधी माणसाला मागून एक पाऊल जास्तीचं ऐकू येतं, अशीही समजूत आहे. आपण थांबलो तरी ते एकदा वाजतं. शेवटी देव दिसतो तेव्हा तो लहानखुऱ्या मुलीच्या रूपात असतो. इतकी वर्षं ती लोकांच्या मागे चालत होती आणि माफ करा, माफ करा म्हणत होती. आवाज कुणाच्या कानावर पडला नाही, पडलं ते फक्त पाऊल.

परवा पहिला भाग पुन्हा काढला. ओहागीचा प्रसंग आला. आत काय आहे ते मला माहीत होतं, तरी जीभ दातांमागून एकदा फिरलीच.