अजाणता घडलेली हिंसा

गेल्या वैशाखात आपल्या मंडळातील चार-पाच कुटुंबे मुलांसह शहराबाहेरच्या एका तलावावर वनभोजनास गेली होती. आम्हीही त्यांत होतो. काठाशी अर्धवट बुडालेल्या नायलॉनच्या जाळ्यात एक नदी सुरय अडकून मेलेला मुलांना दिसला. राखी पाठ, पिवळी चोच, काळी टोपी घातल्यासारखे मस्तक. सुरय आणि कुरव हे मूळ समुद्रपक्ष्यांच्या कुळातले. त्यांपैकी हा सुरय गोड्या पाण्यावर राहिला आणि माळव्याचा झाला. एका मुलाने विचारले, "आजोबा, याचं पाप कोणाला लागेल?"

आजोबा म्हणाले, ज्याचे जाळे त्याला. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, मारण्याचा हेतू नव्हता, तेव्हा कोणालाच नाही. मुलाचे समाधान झालेले दिसले नाही. आमचेही झाले नाही.

क्रौंचवधाच्या कथेत न्यायनिवाडा सोपा आहे. तेथे बाण आहे, नेम आहे, आणि नेम धरणारा निषाद समोर उभा आहे. आजच्या पक्षिहत्येत बहुधा नेमच नसतो. दक्षिणेकडील महासागरांत अल्बाट्रॉस नावाचा विशाल पक्षी वावरतो. त्याच्या सर्वांत मोठ्या जातीचे पंख पसरले असता दहा फुटांहून अधिक भरतात. मासेमारी जहाजे हजारो गळ लावलेली, कित्येक मैल लांबीची दोरी समुद्रात सोडतात. गळाचे आमिष पाण्याखाली जाण्यापूर्वी हा पक्षी त्यावर झेप घेतो आणि दोरीबरोबर खाली ओढला जाऊन बुडतो. एका वेळी एकच अंडे घालणारा हा जीव. अशी हानी भरून यावी कशी? आणि जहाजावरच्या माणसाला हवा असतो मासा. पक्षी अडकल्याने त्याचे आमिष वाया जाते, म्हणजे त्याचेही नुकसानच होते. येथे निषाद कोणास म्हणावे?

महाभारताच्या वनपर्वात या प्रश्नाला भिडणारी एक कथा आहे, आणि गंमत अशी की तीही एका पक्ष्याच्या मृत्यूपासूनच सुरू होते. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली वेदपठण करीत असता वरून एका बलाकेची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने संतापाने वर पाहिले आणि ती पक्षीण मरून पडली. त्याला पश्चात्ताप झाला खरा, पण राग गेला नाही. पुढे एका गृहिणीने भिक्षेस विलंब केला म्हणून तो तिच्यावर संतापला, तेव्हा आपण ती बलाका नव्हे, असे तिने त्यास सुनावले व मिथिलेच्या धर्मव्याधाकडे पाठविले. मांस विकणाऱ्या त्या व्याधाने या वेदज्ञाला जे सांगितले ते विलक्षण आहे. नांगर चालला की भूमीतील असंख्य जीव मरतात. चालणाऱ्याच्या पायाखाली मरतात. अहिंसेचे व्रत घेतलेल्या यतींकडूनही हिंसा घडते. मात्र यत्न केला तर ती कमी होते.

त्या गृहस्थांचा हेतूचा मुद्दा आम्हांस येथे अपुरा वाटतो. हेतू नव्हता हे उत्तर पहिल्या पक्ष्यापुरते चालेल. आपल्या कृतीने काय घडते हे एकदा कळल्यावर दहाव्या पक्ष्याच्या वेळी ते चालणार नाही. तेथे प्रश्न हेतूचा राहत नाही, यत्नाचा होतो.

आणि यत्न म्हणजे उपजीविका सोडणे नव्हे. आफ्रिकेतील नामिबिया देशाने 2015 साली नियम केला की जहाजाच्या मागे रंगीत पट्ट्या लावलेली दोरी फडकत ठेवावी. आपल्या शेतातले बुजगावणेच ते! वॉल्विस बे या बंदरातील स्त्रियांच्या एका गटाने तशा दोऱ्या करून दिल्या. गळाच्या मासेमारीत मरणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण तेथे काही वर्षांत 98 टक्क्यांनी घटले. मासेमारी चालूच राहिली.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, असे कोणी म्हणेल. पण आपली क्षिप्रा चंबळेला मिळते. ते पाणी 1960 साली पूर्ण झालेल्या गांधीसागर धरणातून, पुढे कोट्यावरून, 1978 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात जाते. तेथील वाळूच्या बेटांवर सुरयांबरोबर पाणचिरा घरटे करतो. त्याची खालची चोच वरचीहून लांब असते. तिने पाणी चिरीत तो मासे टिपतो. जगात त्याचे प्रौढ पक्षी तीन हजारांच्या आत उरले असावेत, असा अंदाज आहे. उन्हाळ्यात तापलेल्या उघड्या वाळूवर अंडी असतात आणि आईबाप पोटाची पिसे भिजवून आणून ती थंड ठेवतात. पाणी फार उतरले की कुत्री आणि कोल्ही बेटावर पोहोचतात. धरणातून अकस्मात सोडले की घरटी वाहून जातात. कलिंगड-काकडीचे वाडे आणि वाळूचा उपसा यांची भर वेगळीच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे काठच्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार नेमले. भर उन्हात बसून कुत्री हाकलणे, एवढेच ते काम. त्याला अनुष्ठान म्हणण्यास आम्हांस तरी संकोच वाटत नाही.

त्या दिवशी सायंकाळी तलावावर एक मासेमार आला. मुलांनी त्याला घेरले. जाळे त्याचे नव्हते. कधीतरी पुरात कोणाचे तरी तुटून आलेले असावे, असे तो म्हणाला. पूर्वीचे सुती जाळे कुजून जात असे, हे कुजत नाही, असेही त्याने सांगितले. मग गुडघाभर पाण्यात उतरून त्याने ते सगळे ओढून काठावर आणले आणि विळ्याने कापून पक्षी मोकळा केला. आम्ही वडीलधारे तोवर पाप कोणाचे याचीच चर्चा करीत होतो. मुले जाळ्यात आणखी काय अडकले आहे ते पाहू लागली. संक्रांतीच्या पतंगाचा मांजा निघाला. एक फाटकी चुनरी निघाली. आणि लाल नाड्याने तोंड बांधलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या. एका मुलाने नाडा सोडला. आत झेंडूची फुले आणि बेलाची पाने होती.