अस्सल चूक

चेकवरची सही तपासणाऱ्या बँकेतल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. सही नमुना सहीपेक्षा किंचित निराळी असेल, तर ती बहुधा खातेदाराचीच असते. आडनावातला 'ल' एकदा जेवून उठल्यासारखा, एकदा उपाशी, हे चालायचंच. पण जी सही नमुन्याशी रेघन् रेघ जुळते, तिथं चष्मा पुसून पुन्हा पाहावं. कारण कुणीच माणूस दोनदा हुबेहूब सही करू शकत नाही. हुबेहूब करतो तो गिरवणारा. म्हणजे तंतोतंतपणा हा लबाडीचा पुरावा आणि थोडं चुकणं हा सचोटीचा! बी.कॉम.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हे तत्त्वज्ञान आज सुचायचं कारण आमचा भाचा. तो घरी गाणी करतो. 'करतो' हेच क्रियापद बरोबर. पूर्वी लोक गाणी म्हणत, आता संगणकावर करतात. गातो तो स्वतः, गिटारही स्वतः वाजवतो. पण ड्रमचं काय? दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये ड्रमसेट ठेवायचा, तर घरच्यांनी गॅलरीत झोपायला हवं. आणि वाजवायचा, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी नुसता कानाडोळा करून भागणार नाही, कानच काढून ठेवावे लागतील. म्हणून त्याचे ड्रम संगणकात.

यंत्रानं ठेका धरणं तसं जुनंच. १९८० साली रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थांनी एलएम-१ नावाचं यंत्र काढलं. खऱ्या ड्रमवर मारलेले ठोके त्यात आकड्यांच्या रूपानं साठवलेले होते. पुढं १९८३ साली 'मिडी' नावाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात लिहितात. म्हणजे ताल हे चक्क खतावणीचं पान झालं! आणि तिथंच घोटाळा झाला. सगळे ठोके काट्यावर आणि सगळ्यांचा जोर १००, असं लिहिलं की गाण्यामागं कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय असं वाटतं. रेघन् रेघ जुळणारी सही!

म्हणून आता सॉफ्टवेअरमध्ये 'ह्यूमनाइझ' नावाचं बटण असतं. आपण त्याला 'माणसाळवा' म्हणू. ते दाबलं की काही ठोके सेकंदाच्या काही हजारांश भागानं पुढंमागं सरकतात, काही हलके होतात, काही जड.

"म्हणजे यंत्राला मुद्दाम चुकायला लावायचं?" मी विचारलं. "ही फसवणूक नाही का रे?"

"मामा, नाटकात दाढी खोटीच असते. तू तिकिटाचे पैसे परत मागतोस का?"

भाच्यांना हल्ली दाखले फार चटकन सुचतात.

पण नुसत्या बटणानं भागत नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी माणसाच्या तालातल्या चुका मोजल्या आणि २०११ साली निष्कर्ष छापले. या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नसतात. माणूस जरा पुढं गेला की काही काळ पुढंच रेंगाळतो, मग हळूहळू मागं येतो. म्हणजे माणसाच्या चुकीला आठवण असते! साध्या बटणाच्या चुका मात्र विसरभोळ्या, प्रत्येक ठोका जन्मात पहिल्यांदाच चुकल्यासारखा. ऐकणाऱ्यांनाही आठवण असलेल्या चुकाच अधिक आवडल्या.

तेव्हा भाचा बटण सोडून एकेक ठोका हातानं बसवतो. एक काठी स्नेअरवर आणि दुसरी मोठ्या झांजेवर पडत असेल, तर त्या क्षणी हाय-हॅटवरचा काठीचा ठोका काढून टाकतो. तिसरा हात आणायचा कुठून? लागोपाठच्या ठोक्यांना एकच आवाज वापरत नाही, नाहीतर बंदुकीच्या फैरी झडतात. मुख्य ठोक्यांच्या मधे जेमतेम ऐकू येणारे तीस-चाळीस जोराचे ठोके पेरतो. कडवं संपताना मात्र जोर चढवतो.

"इथं तो गाणाऱ्याकडं बघेल ना!" भाचा म्हणाला.

"तो कोण?"

"ड्रमर."

खोलीत ड्रमर नव्हता. पण दोन तास हा मुलगा त्या नसलेल्या माणसाचे हात, पाय, दम आणि लहर सांभाळत होता. असलेल्या माणसाचा इतका विचार काउंटरच्या कुठल्याच बाजूला मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा माझं मत झालं की फसवणूक आवाजात नाही. दुसऱ्याचा इतका विचार करून केलेली गोष्ट नक्कल असेल, लबाडी नव्हे. लबाडी होते ती नोंदीत. गाण्याच्या माहितीत 'ड्रम्स' या शब्दापुढं न आलेल्या माणसाचं नाव टाकलं, तर ती बनावट सही. 'ड्रम्स : संगणकावर' असं लिहिलं, की हिशेब चोख.

म्हणजे जवळजवळ चोख. कारण जमाखर्चाला दोन बाजू असतात. जो ड्रमर उशिरा आला असता, तीन कप चहा प्यायला असता आणि पाकीट घेऊन गेला असता, त्याची ती संध्याकाळ कुठल्या खात्यात लिहायची? भाचा म्हणतो, द्यायला पैसेच नव्हते, मग त्याचं बुडालं काय? तेही खरं. पण भाच्यानं वापरलेल्या संचातला प्रत्येक आवाज कधीतरी कुणीतरी स्टुडिओत बसून दिलेला आहे, तोच ठोका आधी हलका, मग जड, पुन्हा पुन्हा मारून. त्याची बिदागी त्याला तेव्हा मिळाली असेल. त्यानंतर मात्र तो घराघरांत वाजतो आहे, आणि गाण्याखाली त्याचं नाव नाही.

बँकेत दहा वर्षं कुणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. तो उद्या आला, तर त्याचं त्याला द्यावं लागतं. हा ठोकेवाला काही आमच्या भाच्याच्या दारात यायचा नाही. म्हणून मी भाच्याला एवढंच सुचवलं, की 'संगणकावर'च्या पुढं आणखी एक ओळ घाल : 'मूळ ठोके दुसऱ्याचे'. नाव सापडलं तर नावासकट.

"मामा, एवढं कोण वाचतं?" तो म्हणाला.

खातेवहीतरी कोण वाचतं, बाबा? तरी ती खरी लिहायची असते.